नानांची खूण

"हे कोणी केलं?"

नानांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. मी नुकतंच दुकानात पाऊल टाकलं होतं, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच होती. नानांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि टेबलावर पालथ्या पडलेल्या लॅपटॉपकडे बोट केलं.

"ये. बघ आपल्या डोळ्यांनी."

मी वाकले आणि माझ्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच निघालं. लॅपटॉपचं खालचं झाकण काढलेलं होतं. आत जी मुख्य चिप असते ना, तिच्यावर तांब्याची एक पट्टी बसवलेली असते. चिपची गरमी ती पट्टी ओढून घेते आणि पंखा ती बाहेर फेकतो. ती पट्टी चार बारीक स्क्रूंनी आवळलेली असते. त्या चारही स्क्रूंची डोकी गेलेली होती. फुलीची खाच असायची तिथं नुसते गोल खड्डे. वर दोन स्क्रूंच्या खड्ड्यांत कोणीतरी गोंद भरून ठेवला होता.

"मी नाही केलं, नाना," मी म्हटलं.

"मग मी केलं?"

"तसं कुठं म्हणतेय मी?"

"या दुकानात हात दोनच माणसांचे. मी तर या मशीनला आज पहिल्यांदा हात लावतोय. आत्ता झाकण काढलं, पेचकस लावला, तर फिरतोय गरागरा. मग राहिलं कोण?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर ननवरे बसले होते. लग्नाची शूटिंग करणारे. लॅपटॉप त्यांचाच होता. व्हिडिओ जोडायला बसलं की दहा मिनिटांत तापून बंद पडायचा.

"नाना, तुमचं भांडण नंतर करा," ते म्हणाले. "नऊ दिवस झाले मी हेलपाटे घालतोय. रोज आपलं उद्या ये, उद्या ये. मे महिन्यातलं लग्न आहे हो ते. नवरीला आता पाचवा महिना लागलाय. बारशाला तरी लग्नाची सीडी बघू द्या त्यांना!"

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

"चोर तो चोर, वर शिरजोर," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. "खाच खाल्लीस ती खाल्लीस, वरून गोंद भरून लपवलंस? मला सांगितलं असतंस तर दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरून गेलो असतो."

माझी कानशिलं तापली. मी तशी तोंडाची फटकळ, कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण त्या वेळी मी नुसती खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली. परक्या माणसासमोर नाना मला चोर म्हणाले होते. पाच वर्षांत त्यांनी मला साधं "गाढव" म्हटलं नव्हतं.

ही गोष्ट फलटणची, दोन हजार बारा सालची. नाना म्हणजे भालचंद्र पोतदार. बाजारपेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. मोबाइल आले, लोकांनी मनगटावरची घड्याळं सोडली, तेव्हा नाना साठीला टेकलेले. दुसरा कोणी असता तर शटर ओढून देवळात जाऊन बसला असता. नाना पुण्याला जाऊन तीन महिने विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसले आणि लॅपटॉप दुरुस्ती शिकून आले. मी साखरवाडीहून एसटीनं यायची. बारावी नापास, वर मुलगी. बाकीच्या दुकानांत मला "काउंटरवर बस आणि पावत्या फाड" म्हणत होते. नानांनी पहिल्या दिवशी एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "उघड. घाई करू नको. स्क्रूला आधी विचार, निघतोस का म्हणून."

त्यांचा एक नियम होता. ज्याच्या हातून स्क्रूची खाच गेली आणि त्यानं ती लपवली, त्याचा हात या टेबलावर नको. या एका नियमापायी त्यांनी माझ्या आधी दोन मुलगे घरी पाठवले होते.

आणि त्यांची एक रीत होती. जुने घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण करतात. नावाचं अक्षर आणि तारीख. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढं कधी ते घड्याळ दुसऱ्या कारागिरानं उघडलं तर त्याला कळतं की आधी कोण येऊन गेलं. नानांनी ही रीत लॅपटॉपलाही लावली. तांब्याच्या पट्टीला एक ॲल्युमिनियमचा कान असतो, त्याच्या खालच्या अंगाला ते "भा" काढायचे आणि शेजारी तारीख. मी एकदा विचारलं होतं, "आत कशाला? वर लेबल चिकटवू की सरळ." तर म्हणाले, "बाहेर लिहितो तो पेंटर, आत लिहितो तो कारागीर."

मला अजून खूण करायची परवानगी नव्हती. ती मिळणार होती दसऱ्याला. नानांनी गणपतीतच सांगून ठेवलं होतं, "पितृपक्ष जाऊ दे, दसऱ्याला सरस्वती पुजू आणि तुझ्या हातात सुई देतो. अक्षर ठरवून ठेव." मी काय काय अक्षरं काढून बघितली होती म्हणून सांगू! तेजश्री बोराटेचा "ते" काढायचा की "तेबो", यावर एसटीत रोज विचार चालायचा. तिकिटांच्या मागे गिरवून गिरवून माझी पर्स भरली होती. खूण मिळाली की मी कारागीर होणार होते, आणि ती नानांशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं.

आणि दसऱ्याला बारा दिवस उरले असताना टेबलावर हे चार स्क्रू.

"ननवरे, तुम्ही संध्याकाळी सहाला या," नाना म्हणाले. "मशीन चालू करून हातात देतो." मग माझ्याकडे वळले. "स्क्रू तू काढायचेस. बोर्डाला ओरखडा जाता कामा नये. आणि काढून झाले की दुकानाची चावी ठेवायची."

"आणि मी केलं नाही असं निघालं तर?"

"कसं निघेल?"

"तुम्हीच म्हणता ना, स्क्रू खोटं बोलत नाही. आधी कोण येऊन गेलं ते आत कळतं."

नानांनी कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"दुसऱ्याचा हात निघाला," ते म्हणाले, "तर दसऱ्याला नाही, आजच खूण देतो तुला. वर सगळ्या पेठेत पेढे वाटतो. पण शोधून दाखव."

त्यांच्या थोरल्या भावाकडे त्या दिवशी पितरांचा महाळ होता, तिकडे जेवणाचं पान होतं. नाना टोपी घालून निघून गेले. जाताना दारातून परत आले, टोपी विसरली म्हणून. टोपी डोक्यावरच होती. मी एवढी धुमसत होते की ते बघूनसुद्धा मला काही वाटलं नाही.

गेलेला स्क्रू काढणं म्हणजे अडलेल्या माणसाशी बोलणं. जोर केला की तो आणखी अडतो. त्यातून खाली सगळा बोर्ड, केसाएवढ्या बारीक तारा. हात एकदा घसरला की तार तुटली आणि मशीन मेलं. स्क्रू कापताना उडणारा लोखंडाचा चुरा बोर्डावर पडला तरी तेच. मी आधी बोर्डावर चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक स्क्रूभोवती मेणाचं आळं केलं, तुळशीला करतो तसं, चुरा त्यात अडकावा म्हणून. हेही नानांनीच शिकवलेलं.

पहिला स्क्रू सोपा गेला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा खड्ड्यावर ठेवला, वरून पेचकस दाबला, रबरानं पकड घेतली आणि तो फिरला. दुसऱ्याला चपट्या पात्याचा पेचकस तिरका बसवावा लागला. हूं का चूं करत तोही निघाला. उरले गोंदवाले दोन.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हा ननवरेच लबाड असणार. आधी कुठल्या तरी टपरीवर उघडायला दिला असेल, तिथं वाट लागली म्हणून आमच्याकडे आणला असेल. मी फोन लावला.

"ननवरेदादा, खरं सांगा. आमच्याआधी हा कोणी उघडला होता?"

"आईशप्पथ कोणी नाही, ताई! नवाकोरा घेतलाय, दीड वर्ष झालं. एका स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का होता, तोसुद्धा नानांनीच नखानं काढला."

"कधी?"

"चार तारखेला. तीनला टाकला, चारला सकाळी नऊला आलो तर नाना उघडूनच बसले होते. पट्टी काढून तो पांढरा मलम लावत होते. म्हणाले, झालंच, बस. मला साताऱ्याला जायचं होतं म्हणून म्हटलं उद्या नेतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणतात अजून उघडला नाही, उद्या ये. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय."

मी फोन ठेवला. नाना खोटं बोलले होते. "आज पहिल्यांदा हात लावतोय" म्हणाले होते, माझ्या तोंडावर, गिऱ्हाइकासमोर. कशासाठी? मला उत्तर लगेच सापडलं, आणि काय उत्तर सापडावं! दसरा. खूण द्यायची नाही म्हणून. पोरगी शिकली, आता उद्या समोरच दुकान टाकेल, म्हणून आधीच बदनाम करून हाकलायची. कावेबाज म्हातारा, मी मनात म्हटलं. आणखीही म्हटलं, ते लिहीत नाही. पाच वर्षं ज्याला बापाच्या जागी मानलं त्याच्याविषयी मी दीड तास मनात काय काय बोलले, ते आठवलं की आजही मला आपलं तोंड आपल्यालाच दाखवावंसं वाटत नाही.

आणि रागात माणसाचा हात काय स्थिर चालतो! मी तापल्या सोल्डरिंगच्या टोकानं गोंद मऊ केला, तो दाभणानं खरवडून काढला आणि नानांची सोनारकामाची करवत घेतली. तिचं पातं केसासारखं बारीक. तिनं स्क्रूच्या डोक्यात नवी आडवी खाच पाडायची. एकेक ओढा, फुंकर न मारता. एकदा सुटला होता हात, करवत मेणाच्या आळ्यात अडकली म्हणून वाचले. तीन वाजता तिसरा निघाला. चारला चौथा.

पट्टी सुटली. मी ती उचलली, तो पांढरा मलम, म्हणजे जुनी पेस्ट, पुसली आणि उताणी केली. नानांची चार तारखेची खूण शोधायची आणि संध्याकाळी त्यांच्या नाकासमोर धरायची, एवढंच मनात होतं.

खूण होती. "भा ४।१०".

तिच्या खाली "भा ५।१०".

मला वाटलं डोळ्यांपुढं आलं काहीतरी. मी भिंग लावलं.

"भा ६।१०". "भा ७।१०". "भा ८।१०".

सात तारखेला रविवार होता. रविवारी आमचं दुकान बंद असतं.

आठ तारखेच्या खाली एक ओळ होती. नानांचं अक्षर, तांदळावर लिहावं तेवढं बारीक: "झालंय. उघडू नको."

आणि तिच्या खाली "भा ९।१०. उघडू नको."

"भा १०।१०. उघडू नको."

"भा ११।१०." त्याच्यापुढचं "उघडू नको" एवढं दाबून कोरलं होतं की धातूला कड आली होती. माझ्या बोटाला ती लागली.

मी खाली बसले. खुर्चीत नव्हे, फरशीवर. पट्टी तशीच हातात.

रोज सकाळी आठला नाना दुकान उघडायचे, मी दहाला पोचायचे. ते दोन तास त्यांचे एकट्याचे. पट्टी-पेस्टचं काम ते मला देत नसत, त्यांच्या आवडीचं म्हणून. मी यायचे तेव्हा ननवरेचा लॅपटॉप झाकण लावून फळीवर असायचा, आणि मी समजायचे, अजून नंबर लागला नाही. नाना तो रोज उघडत होते. रोज पुसत होते, पेस्ट लावत होते, आवळत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही त्यांच्या डोक्यात उरत नव्हतं. कुलूप लावल्यावर माणूस पुन्हा ओढून बघतो, तसे स्क्रू रोज थोडे जास्त आवळले जात होते. खाचा जाणार नाहीत तर काय होईल? तो गोंद काही लपवायला भरलेला नव्हता. आपला हात आत जाऊ नये म्हणून तो नानांनीच भरला होता.

आणि उघडल्यावर रोज त्यांना स्वतःच्या खुणा दिसत होत्या. काल आपणच येऊन गेलो हे त्यांना कळत होतं, रोज नव्यानं. मग ते घाबरून स्वतःला निरोप लिहीत होते. जन्मभर आत लिहायची सवय. निरोपसुद्धा आतच लिहिला, उघडल्याशिवाय वाचता येणार नाही अशा जागी.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. महिनाभर चहा दोनदा यायचा. मी म्हणायचे, "नाना, एक तुमचा, एक माझा, हे दोन काय तुमच्या भुताला?" आणि खिदळायचे. ते कसनुसं हसायचे. गेल्याच पंधरवड्यात आणखी दोन मशिनींचे स्क्रू गेलेले सापडले होते, तेव्हा मी स्क्रूच्या कंपनीला शिव्या दिल्या होत्या. आज सकाळी डोक्यावर टोपी घालून ते टोपी शोधायला परत आले होते, आणि मी तोंड फिरवलं होतं.

माझी सुटका माझ्या हातात होती. दुसऱ्याचा हात निघाला तर आजच खूण देतो, पेठेत पेढे वाटतो. पट्टी पुढं केली की झालं.

मी उठले. तोंड धुतलं. नवे चार स्क्रू काढले. चिपवर पेस्ट लावली, पोथीवर गंध लावतात तेवढीच. बाहेर पायरीवर नानांच्या चपला वाजल्या तेव्हा पट्टी अजून टेबलावर उताणीच होती. मी ती उचलली, जागेवर बसवली आणि पहिला स्क्रू फिरवला.

"निघाले?" नाना आत येत म्हणाले.

"निघाले."

"ओरखडा?"

"नाही."

त्यांनी भिंग लावून बोर्ड पाहिला, मेणाचे डाग पाहिले, माझे काढलेले चार स्क्रू तळहातावर घेऊन पाहिले. "करवत वापरलीस?"

"हो."

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "आत काय सापडलं?"

त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं, हा माणूस घाबरलेला आहे. कशाला ते त्यालाही ठाऊक नाही, पण घाबरलेला आहे.

"काही नाही सापडलं," मी म्हटलं. "मीच केलं, नाना. पेचकस लहान लावला. मग भीती वाटली म्हणून गोंद भरला."

नाना स्टुलावर बसले.

"मला वाटलं होतं तू नाही म्हणशील," ते म्हणाले. "पानावर बसलो होतो, घास उतरेना. म्हटलं, देवा, दुसऱ्या कोणाचा हात निघू दे. पोरगी तशी नाही. मी दादाला पण म्हटलं, पोरगी तशी नाही."

मी हातातला पेचकस पुसून जागेवर ठेवला.

"चावी ठेव, तेजा," नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नियम म्हणजे नियम. आज तुला सोडलं तर त्या दोन पोरांना मी काय तोंड दाखवू?"

मी चावी टेबलावर ठेवली. ननवरे आले, मशीन चालू केलं, अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहिला. बंद पडलं नाही. "वा रे वा! मानलं, नाना!" म्हणाले. नाना म्हणाले, "हिनं केलंय." तेवढंच.

स्टँडवर येऊन मी मंजूताईला फोन केला, नानांच्या मुलीला, पुण्याला. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून तारखा वाचाव्यात तशा वाचल्या. सात तारीख, आठ तारीख, उघडू नको.

"मला वाटत होतं मीच काहीतरी चुकीचं ऐकते," ती म्हणाली. "परवा फोनवर मला विचारत होते, मंजू, तुझी परीक्षा कधी आहे? तेजा, मला चाळिसावं लागलंय गं." मग ती रडायला लागली आणि एसटी लागली.

रविवारी येते, डॉक्टरांकडे नेते, असं ती म्हणाली. तिनं नेलंही. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. आईनं दोनदा विचारलं, "आज गेली नाहीस?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. साडेदहा वाजता फोन वाजला.

"अगं तेजा, आहेस कुठं?" नाना. आवाज नेहमीचा, थोडा रागावलेला. "साडेदहा वाजले. एकट्यानं काय काय बघू मी?"

काल संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून चावी ठेवून घेणारा माणूस बोलत होता.

"आणि तो ननवरेचा लॅपटॉप कुठं ठेवलास? फळीवर नाही. बिचारा रोज हेलपाटे घालतोय. म्हटलं आज उघडून टाकू एकदाचा."

"नाना..."

"काय नाना नाना? बरं वाटत नाही का? आणि ऐक, दसरा आला की आता. अक्षर ठरवलंस का? मी सुई घासून ठेवलीय तुझ्यासाठी. बघ, सकाळपासून तेच करतोय."

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

"ठरवलंय," मी म्हटलं. "पण मी खूण बाहेर करणार, नाना. झाकणावर. उघडायच्या आधी दिसेल अशी. आणि आजपासून तुमचीही तिथंच करायची."

नाना मोठ्यानं हसले.

"अगं येडे! बाहेर लिहितो तो पेंटर!"

"असू दे. आपण पेंटर," मी म्हटलं. "मी येतेच. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय. ये तू. चहा सांगून ठेवतो."

साखरवाडीहून अकराची एसटी मिळाली. मी बाजारपेठेत शिरले तेव्हा बारा वाजायला आले होते. दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. टेबलावर चहाचे तीन ग्लास साय धरून बसले होते, आणि नाना दारात उभे राहून चौथा सांगत होते.